बारा सेलांची गाडी

शिरूर, रविवार, १३ जानेवारी १९५७

आज प्रेमामावशी स्वतःच्या गाडीतून चर्चला आल्या. कुणी उचलून आणलं नाही, कुणी पाठीवर घेतलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गाडी मी केली आहे.

मावशी म्हणजे माझ्या बायकोच्या, हन्नाच्या आईची बहीण. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. शिरुरातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मली असं लोक म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका बाळंतपणाहून परत येताना बैलगाडी कलंडली आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून पडवीत खुर्चीवर बसून. बायका दाखवायला त्यांच्याकडे येतात, पण अडलेली बाई कशी येणार? ती अडली की मावशी पडवीत नुसत्या हात चोळत बसायच्या. ते बघून हन्नानं मला म्हटलं होतं, तुम्ही एवढे विजेचे मिस्त्री, काहीतरी करा.

म्हणून ही गाडी. मोटारसायकलची तीन चाकं, वर वेताची खुर्ची, खाली रेल्वेच्या डब्याखालचा जुना डायनमो, मोटर म्हणून उलटा जोडलेला. खुर्चीमागच्या पेटीत ॲसिडच्या बॅटरीचे बारा सेल. दौंडला डब्यांतल्या दिव्यांसाठी हे वापरतात. लिलावात निघालेल्यांतून मी एकेक पारखून घेतले. माणसाच्या चालीनं चालते, पण चालते.

दौंडच्या लायटिंग खात्यात मी हेच काम केलं. नोकरी सोडून इथं बॅटरी चार्जिंगचं दुकान काढतो म्हटल्यावर फोरमनसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "वर्षभरात परत येशील." आज त्यांना इथं आणून उभं करायला हवं होतं.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात. मी उघडून बघितलं, कोण कोण माझ्याकडे बघतंय ते.

बुधवार, १६ जानेवारी

मावशींना सेलांची शिस्त समजावून सांगितली. सेल संपेपर्यंत गाडी पळवायची नाही; निम्मं बळ उरलं की माघारी फिरायचं. आल्यावर त्याच दिवशी गाडी माझ्याकडे पाठवायची. रिकामा सेल तसाच राहिला तर आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि मग तो सुटता सुटत नाही. चार्जिंग सावकाश करायचं आणि पुरतं करायचं. सेलातलं पाणी उडतं, ॲसिड उडत नाही, म्हणून वर भरायचं ते डिस्टिल पाणीच, ॲसिड कधीही नाही. टोपणं उघडी असताना जवळ विडीकाडी नको. आणि बाराच्या बारा सेल कायम एकत्र राबले पाहिजेत. निम्मे वेगळे काढून वापरले की ते मागं पडतात आणि बाकीच्यांनाही खाली ओढतात.

मावशी नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी बाळंतिणीसारखंच की रे. उपाशी ठेवायची न्हाई, आन् एकदम कोंबायचंही न्हाई."

मी हसलो. पण त्यांचं ते म्हणणं मला आवडलं नाही. हे शास्त्र आहे. दुकानाच्या दाराशी पत्र्याच्या बोर्डावर हे सगळे नियम रंगवून लावले. खाली माझं नाव.

शुक्रवार, २५ जानेवारी

पहिलं बाळंतपण गाडीतून. मुलगा झाला. मावशींच्या शेजारच्या सारजाबाई गाडीबरोबर चालत गेल्या होत्या. त्या सांगत होत्या, मावशी वाटभर गाणं म्हणत होत्या.

संध्याकाळी चार्जिंगचं इंजिन लावून सेल भरले. बाराही सारखे. ॲसिड मोजायच्या हायड्रोमीटरचा काटा प्रत्येकात एकाच रेघेवर तरंगत होता. असं दिसलं की मला देवाची उपासना केल्यासारखं वाटतं. हन्नाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग ते रविवारी डोळे मिटून करा."

तिनं पाहिलं होतं तर.

शनिवार, २ फेब्रुवारी

आज दुकानासमोर जीप थांबली. मांडवगण फराट्याचे बागाईतदार सावळाराम आप्पा. निवडणुकीची धामधूम चालली आहे, त्यांच्या गावात सभा आहे.

"बिनबैलाची गाडी करणारे दानिएल मिस्त्री तुमीच का?"

"व्हय, मीच."

"मंग आमच्या सभेला भोंगा वाजवायचा. भोंगा हाय, मशीन हाय, बॅटऱ्या तेवढ्या न्हाईत. पुण्यास्नं आणायच्या तर सभा निघून जायची."

माझ्या दुकानातल्या दोन्ही चांगल्या बॅटऱ्या लॉरीवाल्यांकडे गेलेल्या. तसं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "भोंग्यावरनं तुमचं नाव पुकारू. सगळ्या मुलखाला कळंल मिस्त्री कोण ते."

मी व्हय म्हणालो. मावशींच्या गाडीतले सहा सेल काढले की भोंग्यापुरते बारा व्होल्ट होतात. एका सभेनं काय होतं.

हन्ना आतून म्हणाली, "मावशीला विचारलं का?"

दुपारी जाऊन विचारलं. म्हणजे विचारलं नाही. सांगितलं की सेल धुवून काढायचे आहेत, दोन दिवस गाडी उभी राहील.

"काढ की," मावशी म्हणाल्या. "तुला कळतं त्यातलं. मला काय कळतंय?"

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सभा जोरात झाली. माझं नाव तीनदा पुकारलं. "ध्वनिक्षेपकाची व्यवस्था, दानिएल पाटोळे, शिरूर." मला स्टेजच्या कडेला खुर्ची दिली होती. दौंडला मी साहेबांपुढं कधी खुर्चीवर बसलो नाही.

शेवटच्या भाषणात आवाज खाली यायला लागला. सेल संपत आले होते. तिथंच थांबवायला हवं होतं हे मला समोरच्या माणसापेक्षा जास्त कळतं. पण एवढ्या माणसांपुढं उठायचं आणि बोलणाऱ्याला गप्प करायचं? मशीनचं आवाजाचं बटण आणखी पिळलं. आभार मानून होईपर्यंत आवाज पुरला.

परत निघालो तेव्हा आप्पा म्हणाले, "उद्या आणखी एक सभा हाय, पलीकडच्या गावात. परवा अजून एक." सेल जीपमध्येच राहू दिले.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज सेल घरी आले. मधल्या सभांना लॉरीवाल्यांच्या बॅटऱ्या मिळाल्या, त्यामुळं हे सहा जीपच्या मागच्या बाजूला उन्हात पडून होते. रिकामे. आणायला सांगायचं राहून गेलं. जीपचा ड्रायव्हर संपत म्हणाला, "मिस्त्री, मला वाटलं तुम्हास्नी नको हायेत."

टोपणं उघडून बघितलं. प्लेटांवर पांढरं दिसतंय.

सारजाबाई दोनदा येऊन गेल्या म्हणे, गाडी कधी होते विचारायला. हन्ना सांगत होती. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. हल्ली तिचं काहीतरी बिनसलं आहे. सभेला मी रोज जातो हे तिला खपत नसावं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

लिहावं की नाही कळत नाही.

काल इंजिन दिवसभर चाललं. मावशींचे ते सहा सेल उकळल्यासारखे बुडबुडे सोडतात, पण काटा वर येत नाही. बाकीचे सहा भरलेले. या सहांना सावकाश, पुन्हा पुन्हा, आठवडाभर भरायला हवं. तेवढं करून काहींमध्ये जीव येईल, काहींत येणार नाही. पण आप्पांच्या उद्याच्या सभेसाठी लॉरीच्या बॅटऱ्या भरायच्या आहेत आणि इंजिन एकच आहे. आणि सारजाबाई आज पुन्हा येऊन बसल्या.

म्हणून ॲसिड घातलं. सहाही सेलांत, थोडं थोडं. मग हायड्रोमीटर घातला. काटा वर आला. बारा सेल, बाराही सारखे. बघायला इतकं छान दिसत होतं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

काटा पाण्यात ॲसिड किती आहे तेवढंच सांगतो. सेलात बळ आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. हे मला ठाऊक आहे.

अंगणात गाडी चालवून बघितली. चालली. सारजाबाईंच्या हवाली केली. पुढच्या आठवड्यात सेल परत आणून नीट करीन. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मावशींनी निरोप पाठवला, गाडी बरी चालते, उपकार झाले. मी दुपारी जेवलो नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सकाळी न्हावऱ्याच्या रस्त्यानं सभेला निघालो होतो. संपत जीप चालवत होता, मशीन माझ्या मांडीवर. वर भोंगा लावलेला आणि मी बोलतच होतो, मतदारबंधूंनो भगिनींनो. ओढा ओलांडून वर आलो तर रस्त्याच्या कडेला काहीतरी हलताना दिसलं.

"कुत्रं हाय का वो ते?" संपत म्हणाला.

मावशी होत्या. कोपरांवर रेटा देत पुढं सरकत होत्या. बाळंतपणाच्या पिशवीचा बंद दातांत धरला होता. मागं ओढ्याच्या चढावर त्यांची गाडी उभी. चाक वाळूत रुतलेलं.

मी बोलणं थांबवलं तेव्हा भोंग्यातून माझा श्वास ऐकू आला.

संपतनं ब्रेक दाबला, उडी टाकली आणि त्यांना लेकरासारखं उचलून आणलं. मी उतरलो नाही. मांडीवर मशीन होतं, खाली ठेवायला जागा नव्हती. जागा होती. मी उतरलो नाही.

"दानिएल, तू हाईस व्हय? बरं झालं," एवढंच त्या म्हणाल्या. मग संपतला म्हणाल्या, "मच्छिंद्राच्या वस्तीवर. लवकर घे बाबा, पोरगी अडलीय."

वाटेत कळलं ते असं. पुढच्या वस्तीवरचा मच्छिंद्र पहाटे पळत त्यांना बोलवायला आला होता. त्याला त्यांनी पुढं पाठवलं, पाणी तापव, मी मागोमाग गाडीनं येते म्हणाल्या. ओढ्याच्या चढावर गाडी थांबली. सारजाबाईंनी ढकलून बघितली, मग त्या माणसं आणायला शेतांकडे पळाल्या. मावशी थांबल्या नाहीत.

वस्तीवर मी जीपमध्येच बसलो. आतून मुक्ताबाईचं, म्हणजे मच्छिंद्राच्या बायकोचं ओरडणं येत होतं. मग ते थांबलं. मी बाळाच्या रडण्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही.

मच्छिंद्राची आई साखरबाई बाहेर येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

बऱ्याच वेळानं संपतनं मावशींना बाहेर आणलं. मुक्ताबाईचं रक्त थांबलं, ती वाचली. मुलगा गेला. मावशींच्या कोपरांना माती आणि रक्त चिकटलेलं. उजवा तळहात लाल. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाळ मानेभोवती होती. लवकर पोचले असते तरी..."

वाक्य पुरं केलं नाही. तरी उपयोग झाला नसता, असंच म्हणायचं असणार त्यांना. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. एका मेलेल्या पोराच्या दारात माझा जीव भांड्यात पडला.

त्यांना घरी सोडून आम्ही सभेला गेलो. माझं नाव पुकारलं.

रविवार, १७ फेब्रुवारी

काल मच्छिंद्र मिशनच्या आवारात येऊन मावशींच्या दारापुढं ओरडून गेला. म्हातारपणी मोटारीची हौस करायला गेली आणि माझं पोर खाल्लं, असं. गावातही तेच बोलतात. तेव्हा आज उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मंडळींसमोर मावशींना विचारलं, नेमकं काय झालं, म्हणजे बाहेर कुणी काही बोललं तर उत्तर देता येईल.

मावशींना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. त्या म्हणाल्या, "मी गाडी फार लांब नेली. दानिएलनं बजावलं होतं, निम्म्यावरनं माघारी फिरा. मीच ऐकलं न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मला धीर देत असाव्यात. मी गीतांचं पुस्तक चाळत होतो.

बाहेर पडल्यावर कितीतरी जणांनी माझा हात हातात घेतला. तुझा काही दोष नाही, दानिएल.

ओढ्यापर्यंतची वाट त्या गाडीच्या निम्म्या बळाचीसुद्धा नव्हती. हे मंडळीत एकट्या मला ठाऊक आहे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

हन्नानं मावशींचं त्या दिवशीचं लुगडं धुवायला आणलं. वाळत घालताना म्हणाली, "याला भोकं पडलीत. रस्त्यावरच्या खड्यांनी अशी पडतात का?"

बारीक, गोल, कडेला तपकिरी. असली भोकं माझ्या प्रत्येक सदऱ्याला आहेत.

"पडतात," मी म्हणालो.

तिनं ते लुगडं दुकानासमोरच्याच दोरीवर टाकलं. मागं अंगणात जागा असताना. दुपारी बघतो तर माझा नियमांचा बोर्ड दारावर नाही. विचारलं तर म्हणाली, धुवायला काढला आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

दौंडला गेलो होतो. ओढ्यावरून ओढून आणलेल्या गाडीतले ते सहाही सेल ओळखीच्या लॉरीतून नेले. मनात बेत असा की फोरमनसाहेबांना म्हणायचं, लिलावाचा माल खराब निघाला, दुसरे सेल द्या. दोष रेल्वेवर जातो आणि मी सुटतो.

शेडमध्ये जुने सोबती भेटले. गाड्या धुवायचा तोच वास, तोच गलका. साहेबांनी हायड्रोमीटर घातला, भुवया वर केल्या. मग सेलांना दिवा जोडला. दिवा लाल झाला आणि विझला.

"काटा भरलेला दाखवतो," साहेब म्हणाले. "दिवा काय म्हणतो ते तू बघतोच आहेस. कुणी केलं हे?"

बेत तोंडाशी तयार होता. पण दिवा विझताना बघून काय झालं कळत नाही.

"मी ॲसिड घातलं," मी म्हणालो.

शेडमधले चार जण ऐकत होते. साहेब हसतील असं वाटलं होतं, किंवा म्हणतील, आलास ना परत. ते हात पुसत राहिले. "तुला मी शिकवलं," म्हणाले. "आता मला हे कुणाला सांगता यायचं नाही." मग म्हणाले, प्लेटा गेल्या, यात जीव येत नाही. पुढच्या लिलावात सेल निघाले तर कळवतो. तोवर गाडी उभी.

येताना लॉरीवाला वाटभर बोलत होता. काय बोलला आठवत नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

मावशींना सांगितलं. सगळं. भोंगा, उन्हात पडलेले सेल, ॲसिड. त्या पडवीत शेंगा फोडत होत्या. फोडत राहिल्या.

"मला ठावं हाय," म्हणाल्या.

उजवा तळहात पुढं केला. कातडी सोलून नवी येत होती. "गाडी थांबली तवा मी पेटी उघडली. वाटलं, पाणी कमी झालं आसंल. वर पातळ काही सांडलं होतं त्याला हात लागला. पाण्यानं असं भाजत न्हाई, दानिएल. दवाखान्यात जन्म गेला माझा. ॲसिड मला ठावं हाय."

"मग चर्चमध्ये तुम्ही तसं का सांगितलं?"

"तू उठशील म्हणून. म्हणलं, आधी मी बोलते म्हंजी ह्याला उठायला सोपं जाईल. बोलून तुझ्याकडं बघितलं. तू पुस्तक चाळत बसलास."

मी जमिनीकडे बघत होतो. शेंगांची टरफलं माझ्या पायावर पडत होती. मग विचारलं, विचारायला नको होतं, पण विचारलं. "मावशी, नाळ खरंच मानेभोवती होती?"

त्यांचे हात थांबले.

"तुला कंचं उत्तर पायजे?"

मी पायावरची टरफलं गोळा करू लागलो.

"मग इचारू नको," त्या म्हणाल्या आणि सूप माझ्याकडे सरकवलं. राहिलेल्या शेंगा मी फोडल्या.

घरी येऊन हन्नाला सांगायला लागलो. तीन वाक्यं झाली असतील. ती म्हणाली, "लुगडं धुतलं त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं." उठून चुलीकडे गेली. म्हणजे ती रुसली होती ती सभांसाठी नव्हे.

रविवार, २४ फेब्रुवारी

आज उभा राहिलो. आशीर्वादाच्या आधी. आवाज फुटेना, भोंग्यावर इतका बोललो, इथं चार भिंतींत फुटेना. सांगितलं की मावशींनी गाडी लांब नेली नव्हती. मी सेल खराब केले आणि काटा खोटा केला. मावशी माझ्यासाठी खोटं बोलल्या, तेही माझ्याच माथी.

वाटत होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. बाहेर कुणी हात हातात घेतला नाही. गेल्या रविवारी ज्यांनी घेतला होता ते चपला शोधत राहिले.

हन्ना एकटी पुढं चालत गेली. कोपऱ्यावर थांबली. मी जवळ येईपर्यंत थांबली, मग पुन्हा चालू लागली, पण आता माझ्या चालीनं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मच्छिंद्राच्या वस्तीवर पायी गेलो. ओढ्याचा तो चढ चढताना वाळूत चाकाची खूण अजून आहे का बघितलं. बैलगाड्या जाऊन जाऊन बुजली आहे.

मच्छिंद्र दारात दोर वळत बसला होता. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं उठून मारील, आणि खरं सांगायचं तर मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं दोर खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हंजी मावशीचं काय न्हवतंच?"

"न्हवतं."

"मी त्यांच्या दारात जाऊन काय काय बोललो. पाय नसलेल्या बाईला." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या पापाची लाज मी त्याच्याही घरात नेऊन ठेवली.

साखरबाई आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "हे सांगून तुला बरं वाटंल. आमाला काय?"

मी दारातून मागं सरलो.

आतून मुक्ताबाईचा आवाज आला, बारीक, निजल्या जागेवरून. "मावशीचं कोपर बरं झालं का? त्यांनी माझा हात सोडला न्हाई त्या दिशी."

"बरं होतंय," मी म्हणालो.

"त्या आता कशावर येणार वो बायांकडं?"

मच्छिंद्रानं मान वर न करता सांगितलं, "तू जा आता हितनं." मी निघालो.

सोमवार, ४ मार्च

सकाळी दुकानात होतो. हल्ली गिऱ्हाईक कमी. बॅटरी आणणारा काटा दोनदा बघायला लावतो. लावू दे.

कुशाबाई धावत आली. पलीकडच्या आळीत राहते, लेकीचे दिवस भरलेले. या दोन आठवड्यांत मावशींना कुणीच बोलावलं नव्हतं. काल मच्छिंद्र मावशींच्या पडवीत येऊन डोकं टेकवून गेला, त्याची गोष्ट गावभर झाली म्हणे. कुशाबाई म्हणाली, "मावशी म्हंत्यात, दानिएलला सांग, गाडी काढ."

"गाडीत पुरे सेल न्हाईत."

"मी पण तेच म्हणले. तर म्हंत्यात, सेल न्हाईत ते मला ठावं हाय. दानिएल हाय ना?"

मावशींच्या घरी गेलो. मोटर आणि उरलेले सहा सेल काढून टाकले, तेवढंच ओझं कमी. पुढच्या दांड्याला जाड दोराचा नाडा बांधला, खांद्यावर घेतला. मावशी खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर.

आळीकडे जायचं तर पेठेतूनच वाट आहे. दुकानं उघडली होती. मी मान खाली घालून ओढत होतो. खाली बघितलं की फक्त माझे पाय आणि धूळ. हॉटेलाच्या बाकावर सावळाराम आप्पा चार माणसांत चहा पीत बसले होते.

"काय मिस्त्री! बैल मिळाला वाटतं गाडीला?"

सगळे हसले. नाडा खांद्यात रुतत होता. मी थांबलो, काहीतरी बोलायला वळलो.

"उत्तर देऊ नको," मागून मावशी म्हणाल्या. "पुढं खड्डा हाय, डावीकडनं घे."

डावीकडून घेतलं.

कुशाबाईच्या ओट्यावर उन्हात बसलो. आत बायकांची धावपळ. हन्ना मागाहून आली, माझ्याशी काही न बोलता आत गेली, पाणी तापवू लागली. खांद्याला फोड आला होता. मी त्याला हात लावला नाही. दार लोटलेलं होतं आणि मी तिकडे कान लावून बसलो होतो. आतलं ओरडणं वाढत गेलं, मग एकदम बंद झालं. भांडं पडल्याचा आवाज आला. मावशी कुणाला तरी दटावत होत्या, "पाय वर धर, वर धर बाळाचे, चापट मार."

आणि मग रडली. मुलगी. चांगली खणखणीत रडत होती.

मी रडलो नाही. रडायचा माझा हक्क नाही असं वाटलं. उठून गाडीचं तोंड घराकडे वळवून ठेवलं.

परत येताना मावशी दमल्या होत्या. चांगलं झालं म्हणाल्या नाहीत, क्षमा केली म्हणाल्या नाहीत. दारात उचलून खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी माझ्या सदऱ्याचा खांदा बाजूला सारून फोड बघितला. सारजाबाईंकडून हळद-तेल मागवून लावलं. बोटं खरबरीत आहेत त्यांची.

"उद्या सकाळी लवकर ये," म्हणाल्या. "पोरीला न्हाऊ घालायला जायचंय."

नाडा सोडून घरी आणणार होतो. सोडला नाही. दांड्यालाच बांधून ठेवला.